खुंटीवरचा टेरीवूल

चंद्रपुरात मी लोकरीचे शर्ट शिवते असं सांगितलं की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग डोक्यावरच्या पंख्याकडे. त्याचंही बरोबर आहे म्हणा. आमच्या गावचा उन्हाळा असा, की दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं. एक गिऱ्हाईक तर तोंडावर म्हणालं होतं, "बाई, टकल्याले कंगवे विकून राह्यल्या का तुम्ही?" मी म्हटलं, "भाऊ, टकला कंगवा घेतो तो नीट सांभाळून तरी ठेवतो. बसा." बसला. जाताना दोन शर्टांचं माप देऊन गेला.

जटपुरा गेटच्या आत, शहराच्या जुन्या परकोटाच्या भिंतीजवळ माझं दुकान. दुकान कसलं, एक मशीन, एक कापायचा पाट, एक कपाट आणि भिंतीला एक खुंटी. लग्न होऊन आले तेव्हापासून शिवते आहे. सुरुवातीला झंपर, परकर, मग शाळेचे गणवेश, आणि मग पुरुषांचे शर्ट. "बाईमाणूस होऊन शर्टाचं माप घेते?" असं आसपासच्या टेलरांनी बरंच चघळलं. चघळू दे. शर्टाला काय ठाऊक, शिवणारा हात कोणाचा आहे ते.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे चालणारे लोक. वनरक्षक, जंगल दाखवणारे गाइड, रस्त्यांची मोजणी करणारे, रविवारी डोंगर चढायला निघणारे मास्तर आणि डॉक्टर. इकडचं जंगल बाहेरच्यांना वाटतं तसं बारा महिने तापलेलं नसतं. डिसेंबरात पहाटे गवतात शिरलात तर कमरेपर्यंत दव, आणि चढ चढलात की पाठीला घाम. आत घाम, बाहेर दव, मधे तुम्ही. तिथं अंगावरचं कापड तुमची परीक्षा घेतं.

सुती शर्ट घाम पितो आणि ओला होऊन बसतो. थांबलात की पाठीवर गार फडकं ठेवल्यासारखं. नुसतं पॉलिस्टर लवकर वाळतं, पण अंगाला चिकटतं, दुसऱ्या दिवशी असा वास मारतं की बायको चहा लांबून ठेवते, आणि शेकोटीची एक ठिणगी पडली की वितळून भोक. नुसती लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, पण नाजूक. एक निवृत्त गुरुजी माझ्याशी भांडून शंभर टक्के लोकरीचा शर्ट शिवून घेऊन गेले. "भेसळ नको," म्हणाले. पहिल्याच रविवारी चिल्हाटीच्या काट्यात शिरले आणि बाही झालर होऊन परत आली. मी काही बोलले नाही. गुरुजीच म्हणाले, "बोला, बोला, मनातलं बोलून टाका." मग मात्र मी पोटभर बोलून घेतलं.

म्हणून मिश्र कापड. आम्ही त्याला टेरीवूल म्हणतो. अर्ध्याहून जास्त लोकर, बाकी पॉलिस्टर किंवा नायलॉन. अंगाची काळजी लोकर घेते, काट्यांची काळजी दुसरा धागा. दुकानदार काहीही सांगू दे, टेरीवूल घेताना कडेचा एक धागा काढायचा आणि काडी लावायची. जळक्या केसाचा वास आला आणि राख चिमटीत चुरली, तर लोकर. वितळून टणक मणी झाला, तर पॉलिस्टर. थोडी राख आणि थोडा खडा हाताला लागला, तर आपलं कापड. मग मुठीत गच्च चुरगाळायचं आणि सोडायचं. सुरकुती रुसून बसली तर दुकानदाराला परत द्यायचं. मग कापडावर कापड जोरात घासायचं. गोळ्या धरल्या तर पाठीवर पिशवीचे पट्टे आल्यावर काय होईल ते आत्ताच कळलं.

आणि तरी गिऱ्हाइकाला पटलं नाही, तर माझी एक रीत आहे. सुती, पॉलिस्टर आणि टेरीवूल, तिन्हीच्या चिंध्या पाण्यात बुडवून त्याच्या हातावर बांधायच्या आणि त्याला गेटबाहेर चहाला पाठवायचं. मोठमोठे साहेब हातावर ओल्या चिंध्या बांधून चहा पिताना मी पाहिलेत. लोक विचारतात, "काऊन साहेब, हात मोडला का?" पण परत येतात तेव्हा कुठल्या चिंधीखाली हात गार पडला ते मला सांगावं लागत नाही.

आता खुंटीचं सांगते. त्या खुंटीवर खाकी टेरीवूलचा एक जुना शर्ट टांगलेला असायचा. तो विकायचा नव्हता. आमच्या ह्यांचा होता. हे म्हणजे दौलत, गाव त्यांना दौलतभाऊ म्हणे. घुग्घुसला कोळशाच्या खाणीत होते. हिवाळ्यात पहाटेची पाळी, मोटारसायकल, आणि रस्त्यावर ट्रकांचा धुरळा. छातीत गारवा भरून घरी येत. मी नागपूरहून कापड आणून तो शर्ट शिवला. माझा टेरीवूलचा पहिला शर्ट तो. खाणीत गेला, कोळशात लोळला, कॉलर झिजली ती मी उलटवून पुन्हा बसवली, कोपराला मात्र भोक पडलं नाही. त्या शर्टानं मला धंदा दिला. कोणी शंका काढली की मी खुंटीकडे बोट करी, "जा, ओढून बघा."

ह्यांना एकच हौस होती, वाघ बघायची. हसू नका. मुंबई-पुण्याहून लोक गाड्या करून आमच्याकडे वाघ बघायला येतात, आणि आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात वाघ पाहिला तो कॅलेंडरवर. सुटी मिळाली की ओव्हरटाइम आडवा येई. "रिटायर होऊ दे कुसुम, मंग तू आन् मी, पायीपायी जंगल पाहू," म्हणायचे. रिटायर व्हायच्या आधीच गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी त्यांचे सगळे कपडे मी वाटून टाकले. एवढा एक शर्ट राहू दिला. आमची पोरगी म्हणाली, घरी पेटीत ठेव. मी म्हटलं, पेटीत कसर खाईल, दुकानात राहू दे, माझ्यासमोर. त्याला मी कात्री काय, सुईसुद्धा लावणार नव्हते.

आणि मग सगुणा आली.

सगुणा वनरक्षक. गडचिरोलीकडच्या जंगलात तिची बीट होती. बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या हवाली केलेला जंगलाचा तुकडा. रोज पायी फिरायचं, कुठं झाड तोडलं, कुठं फास लावला, कुठं पाणी आटलं, सगळं तिनं बघायचं. काडीसारखी बाई, पण चालायला लागली की पुरुष मागे राहत. आधीच्या हिवाळ्यात सुती वर्दीत भिजून भिजून तिला निमोनिया झाला होता. दवाखान्यात राहावं लागलं. रेंजर साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्यानं सांगून टाकलं होतं, यंदा जनावरांच्या मोजणीच्या वेळी पुन्हा आजारी पडलीस तर बीट दुसऱ्याला देईन आणि तुला नाक्यावर बसवीन.

"नाक्यावर काय काम असते बाई, माहीत हाय का?" सगुणा मला म्हणाली. "बांबू वर करा, बांबू खाली करा. ट्रक गेला, बांबू वर. मी भरतीत धावून धावून पायाचे नखं काढले, ते बांबू वर-खाली कराले? माह्या बीटातला झाडनझाड मले ओळखते."

"चिंध्या बांधू का हातावर?" मी विचारलं.

"चिंध्या नको. शर्ट द्या."

असं गिऱ्हाईक मला आवडतं. नागपूरहून मोजकं कापड आलं होतं, नायलॉन मिसळलेलं, पातळ, पण काट्याला न भिणारं. जीव ओतून शिवला मी तो शर्ट. खांद्याची शिवण पुढे ओढून घेतली, म्हणजे पिशवीचा पट्टा तिच्यावर बसून खांदा सोलणार नाही. बगलेत कळी घातली, हात वर केला तरी शर्ट कमरेतून उपसून यायला नको. कॉलरला आतून मऊ सुती पट्टी, मानेला टोचायला नको. आणि देताना दहादा बजावलं, "गार पाण्यात धुवायचा. आपटायचा नाही, पिळायचा नाही, आणि उकळायचा तर अजिबात नाही." सगुणा म्हणाली, "हव जी, समजलं." तिला समजलं होतंच. घरात आणखी एक माणूस होतं, त्याला समजायचं राहिलं.

मोजणी म्हणजे जंगलातल्या जनावरांची मोजणी. ठरलेल्या रेषेवरून पहाटे उठून रोज पायी जायचं, दिसेल ते जनावर, विष्ठा, पाऊलखूण टिपायची. ती सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी दुकान उघडते न उघडते, तोच सगुणा दारात. मागे तिची सासू, यमुनाबाई, पदरानं डोळे पुसत. सगुणानं पिशवीतून शर्ट काढून पाटावर टाकला.

मी बघतच राहिले. दहा वर्षांच्या पोराचा शर्ट वाटावा एवढा झाला होता. कापड घोंगडीसारखं घट्ट, जाड. बाही वीतभर.

"उकळला?" मी म्हटलं.

"मी उकळला वो माय!" यमुनाबाई रडत म्हणाली. "पोरगी जंगलातून येते, कपड्याले गोचिडी रायते. मी तं तिचे सारेच कपडे चुलीवर गंजात पाणी आन् सोडा टाकून उकळतो. गोचिडी मेल्या पाह्यजे ना! मले काय माहीत, शर्टच मरंल!"

बाई, मला हसू यावं की रडू, तेच कळेना. म्हातारीचं काय चुकलं? आमच्याकडे जंगलातून आलेलं कापड उकळतातच. गोचीड चिकटली की ताप येतो, आणि ती साध्या धुण्यानं मरत नाही. ज्या मायेनं ती सुनेची खाकी वर्दी उकळायची, त्याच मायेनं हा शर्ट उकळला. पण लोकर गरम पाण्यात गेली की तिचे तंतू एकमेकांत अडकून बसतात आणि कापड आटतं, ते पुन्हा सुटत नाही. सोड्यानं तर आणखीच वाट लागते.

"जाऊ द्या बाई," सगुणा म्हणाली. सासूकडे ती बघतही नव्हती. "जुनी सुतीच घालतो. होईल ते होईल."

"होईल ते होईल काय? नाक्यावर बसायचं आहे का?" मी ओरडलेच. "तू इथं बस. आजी, तुम्ही रडणं थांबवा आणि हे टोक धरा."

उसवायला बसले. शिवणीत मी कापड जास्त सोडते, ती माझी सवय. दोन्ही बाजू उसवून ते सगळं कापड बाहेर काढलं. यमुनाबाई धरी, मी ओढी. छाती कशीबशी जुळली, बाही जुळेना. मनगट तर लांबच, कोपरसुद्धा झाकेना. दुसरं कापड कपाटात नव्हतं. नागपूरच्या कापडवाल्याला फोन लावला, तो म्हणाला चार दिवस लागतील. उद्या पहाटे मोजणी, आज दुपारी त्यांची परतीची बस. ती चुकली तर सगुणा पोचणार नाही, आणि न पोचली तरी नाकाच.

सगुणानं उठून पिशवी उचलली. उठताना तिची नजर खुंटीकडे गेली. गेली आणि लगेच खाली आली. तिनं मागितला नाही. कोणीच मागितला नसता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, त्या शर्टाचं बटणसुद्धा कुसुमबाई देत नाही.

मी खुर्चीवर बसले. खरं सांगते, मला राग आला. त्या म्हातारीचा आला, सगुणाचा आला, नागपूरवाल्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त ह्यांचा आला. तुम्ही गेलात आणि मला एवढा एक शर्ट ठेवून गेलात, आणि आता तोही मागता? मग मीच मला विचारलं, कुसुम, तू लोकांना काय सांगतेस? हे कापड चालणाऱ्यासाठी आहे. आणि तुझ्या दुकानात जो सगळ्यांत भक्कम आहे तो किती वर्षं भिंतीला उभा आहे? कशासाठी? लोकांनी ओढून बघावा म्हणून?

उठले आणि शर्ट खाली काढला.

"बाई, नाई!" सगुणा म्हणाली. "तो भाऊचा हाय. मी नाई घालत."

"गप उभी राहा. हात वर कर."

हे अंगानं दांडगे होते. सगुणाच्या अंगावर तो शर्ट तंबूच होता, म्हणजे कापड भरपूर. खडूनं खुणा केल्या. कात्री घेतली आणि हात थांबला. डोळ्यांपुढचं दिसेना. मी रडले, का लाजू? यमुनाबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काप माय. भाऊले बरं वाटंल." मी डोळे पुसले आणि कात्री चालवली. एकदा चालली की मग माझा हात थांबत नाही. खांदा पुढे घेतला, बगलेत उरलेल्या कापडाची कळी घातली, मान कमी केली, बाही कापली. जेवण राहिलं. सासूसून समोर बसून होत्या, आणि मधे केव्हातरी सगुणानं यमुनाबाईला पाण्याचा गिलास दिला. तेवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं.

"गोचिडीचं काय करायचं मंग?" यमुनाबाईनं हळूच विचारलं. अजून धसका गेला नव्हता.

मी म्हटलं, "कोरडी धग चालेल, उकळतं पाणी नको."

ती जरा विचार करून म्हणाली, "मंग भर दुपारी घरावरच्या टिनावर वाळू घालतो. आमच्या टिनावर पापडबी भाजते."

बस मिळाली. धावत मिळाली, पण मिळाली.

मोजणीच्या दिवसांत मी रोज आभाळाकडे बघत होते. आणि जे व्हायला नको तेच झालं, अवकाळी पाऊस आला. डिसेंबरात, वाऱ्यासकट. दुकानाच्या दारात उभी राहून मी त्या पावसाला अशा शिव्या घातल्या, की शेजारचा पानवाला म्हणाला, "बाई, आभाळबी लाजंल." सगुणाच्या जंगलात फोन लागत नाही. खबर नाही, काही नाही. रिकाम्या खुंटीकडे पाहवेना. म्हणून तो आटलेला, पोराच्या मापाचा शर्ट पुन्हा शिवून मी तिथं टांगून ठेवला.

मोजणी संपल्यावर सगुणा आली. दारातून आत येईपर्यंत मी तिची छाती ऐकत होते, खोकते का ते. खोकली नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाण्यानं झोडपलं बाई. दोन दिवस ओलेच चाललो. दोघं तापानं पडले, रेंजर साहेब शिंकून राह्यले," ती म्हणाली. "शर्ट ओला झाला, पण पाठ गार नाई पडली. मी साऱ्या रेषा चालली. एक नाई सोडली."

"आणि बीट?"

"माहीच हाय!" म्हणाली आणि अशी हसली की पानवालाही डोकावला.

मग तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला शर्ट पुढे केला. गार पाण्यात धुतलेला, घडी केलेला. "भाऊचा तुम्हाले परत."

हात पुढे गेला होता माझा. नाही असं कसं म्हणू. पण खुंटीकडे पाहिलं, तिथं तो आखूड शर्ट लटकत होता, आणि मी हात मागे घेतला. "तिथं जागा नाही आता," मी म्हटलं. "घेऊन जा."

नागपूरचं कापड आल्यावर मी तिला नवा शर्ट शिवून दिला. तो ती रोज घालते. पण मोजणीला मात्र जुनाच. आता दुकान पोरगी बघते, माझ्या डोळ्यांना सुईचं नाक सापडत नाही. नवं गिऱ्हाईक आलं की खुंटीकडे बघून विचारतं, "लहान पोराचा आहे का?" पोरगी सांगते, "नाही, मोठ्या बाईचा. उकळला." एवढं सांगितलं की धुण्याचं वेगळं समजवावं लागत नाही. माझ्याकडे एकच गिऱ्हाईक राहिलं आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी सगुणा तो शर्ट घेऊन येते, आणि तो मीच बघते. पोरगी दोरा ओवून देते, टाका माझा.

यंदाही आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोपर विरला होता. मी कोपरावर अंगठा फिरवत बसले. सगुणा समोर स्टुलावर टेकली. म्हणाली, "बाई, मागच्या मोजणीचं एक सांगायचं राह्यलं. तुम्हाले समोर बसूनच सांगायचं होतं, म्हणून फोनवर नाई बोलली."

"सांग."

"शेवटच्या रेषेवर नाल्यापाशी थांबलो होतो. ऊन नुकतं आलं होतं. वाघीण आली. मागं दोन पिल्लं. पाणी पेली, आमच्याकडे पाह्यलं, आन् निवांत गेली." तिनं माझ्या हातातल्या शर्टाकडे बघितलं. "मी म्हटलं, दौलतभाऊ, पाहून घ्या."

मला थोडा वेळ काही दिसलं नाही. मग विचारलं, "किती जवळून?"

"इथून त्या पानवाल्यापर्यंत."

"बापरे," मी म्हटलं. कोपराला आतून ठिगळ लावलं, दुहेरी टाका घातला. सगुणा शर्ट घ्यायला उठली, तर मी म्हटलं, "थांब, बगलही सैल झाली आहे. पक्की करून देते. यंदाची मोजणी आहे अजून."